तळघर राहण्याजोगं करायचं, तर आधी पाण्याला वाट काढून द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला तीसेक वर्षांपूर्वीचा बंगला, त्याच्या मागच्या भागात २२ फूट लांब, १४ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच तळघर. मागची लांब भिंत आणि दोन्ही आखूड भिंती जवळपास ६ फूट मातीत आहेत. प्लॉटला उतार असल्याने पुढची बाजू मोकळी. भिंती आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या), खाली ४ इंची पीसीसी (बिनसळ्यांचं साधं काँक्रीट). ऑगस्टमध्ये मागच्या कोपऱ्यातून पाणी येतं आणि खालच्या दोन-अडीच फुटांतला गिलावा फुगून पडतो. तिथे मुलाची अभ्यासाची खोली आणि पाहुण्यांसाठी बेडरूम करायची आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘आतून वॉटरप्रूफिंग केमिकलचे दोन हात मारतो, वर पुट्टी आणि रंग, दहा वर्षांची गॅरंटी.’ हे करून घ्यावं का?

असं करून घेऊ नका. केमिकलमध्ये खोट आहे असं नाही, ते चुकीच्या बाजूने आणि चुकीच्या क्रमाने मारलं जाणार आहे. भिंतीबाहेर पाणी साचलं की दर मीटर उंचीमागे तळाशी चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. तुमच्या ६ फूट मातीत भर पावसात दीड मीटर पाणी उभं राहिलं, तर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला दीड टन. बाहेरून लावलेला थर या दाबाने भिंतीवर आणखी घट्ट बसतो, तर आतून लावलेला थर त्याच दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो. त्यातून तो जुन्या गिलाव्यावर मारला असेल, तर थर गिलाव्याला धरून राहतो आणि गिलावाच भिंत सोडतो. पुट्टी ओल पिते आणि बहुधा पहिल्याच पावसाळ्यात फुगते. म्हणून क्रम असा हवा: पाणी भिंतीपर्यंत कमीत कमी येऊ द्यायचं, आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची, आणि त्यानंतर उरलेलं भिंतीत अडवायचं. पहिल्या दोन गोष्टी नीट झाल्या तर तिसरी फार अवघड राहत नाही.

नाशिकची जमीन पाहिली की हा क्रम का, ते लगेच कळतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक) किंवा काळा पाषाण. पाषाणात जिथे फटी असतील तिथूनच पाणी खाली जातं. खडक अखंड असेल तर ते त्याच्यावर अडून राहतं. तळघरासाठी खडक फोडून खड्डा केला जातो, भिंत उभी राहते, आणि भिंत व खड्ड्याची कड यांच्यामधल्या दीड-दोन फुटांत बांधकामावर जे उरलं असेल ते लोटलेलं असतं: विटांचे तुकडे, डबर, रिकाम्या गोण्या, काळी माती. ही भुसभुशीत भर म्हणजे तळाला भोक नसलेली बादली, आणि तिची एक बाजू तुमची भिंत. त्यामुळे परिसरातल्या विहिरींचं पाणी खोल असतानाही तळघर गळू शकतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने शहरात पाऊस बराच कमी, म्हणून वॉटरप्रूफिंगची एवढी गरज नाही असं इथे पुष्कळदा ऐकायला मिळतं. पण ही बादली भरायला एक चांगली झड पुरते. १०० चौरस मीटर गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होतं, आणि गच्चीचे पाइप भिंतीलगतच सोडले असतील तर ते सगळं त्या भरीत जातं. काळी माती मे महिन्यात भेगाळते, भिंतीपासून सुटते आणि तिथे बोटभर फट पडते. जूनचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरतो. पहिल्याच पावसात तळघर ओलं होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

कामाला हात लावण्याआधी

मंजूर नकाशात तळघराचा वापर काय लिहिला आहे ते पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर मागितली आहे. तुमचे साडेआठ फूट म्हणजे २.५९ मीटर, आणि नवी जमीन केल्यावर त्यातूनही ८ सेंटिमीटर जातील. म्हणजे कागदोपत्री ही बेडरूम होणं कठीण. महापालिकेच्या नगररचना विभागात नोंदणी असलेल्या वास्तुविशारदाकडून कोणता वापर चालेल हे लेखी घ्या, मगच खर्च ठरवा. माझं मत विचाराल तर दिवसा वापरायची खोली करा, रोज रात्री झोपायची नको. पुढची बाजू मोकळी आहे ही मोठी जमेची गोष्ट आहे, कारण तिथे थेट बाहेर उघडणारं दार देता येतं. तळघराला जिन्याखेरीज दुसरी वाट असायलाच हवी.

गॅस सिलिंडर, गॅस गीझर आणि जनरेटर या तीन गोष्टी तिथे कधीही नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठून राहतो आणि तळघरातून आपोआप निघून जात नाही. जनरेटर आणि गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. चहापुरतं काही हवं असेल तर विजेची किटली ठेवा.

प्लॉट गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या पूररेषेत येतो का, तेही पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदाकाठी पाणी कुठवर चढलं होतं हे जुन्या रहिवाशांना नेमकं ठाऊक असतं. त्या पाण्याने तुमची मोकळी बाजू गाठली असेल, तर कुठलंही वॉटरप्रूफिंग कामाला येणार नाही. पूर दारातून आत येतो. अशा जागी तळघर साठवणीपुरतंच ठेवा.

पाणी नक्की कुठून येतं?

या कामात सर्वांत स्वस्त पायरी हीच, आणि बहुतेक जण टाळतात तीही हीच. इथे एक महिना घालवला तर पुढचा बराच पैसा वाचतो.

पहिली खूण वेळेची. पाऊस सुरू झाल्यापासून दोन-चार तासांत ओल दिसली आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत ओसरली, तर पाणी वरून येतंय: गच्चीचे पाइप, उलट्या उताराचे पेव्हर ब्लॉक, भिंतीलगतची बाग. ओल दोन-तीन दिवस उशिरा येते आणि पाऊस संपल्यावरही दिवाळीपर्यंत टिकते, तर जमिनीतलं साठलेलं पाणी. एप्रिल-मेमध्येही भिंत ओली असेल तर पावसाचा संबंध नाही. तेव्हा जमिनीखालची टाकी, नळाची लाइन, ड्रेनेज किंवा शेजारचा शोषखड्डा तपासा.

टाकीची चाचणी सोपी आहे. टाकी भरा, येणारा कॉक आणि वर चढवणारी मोटर दोन्ही बंद करा, पातळीवर खूण करा आणि १२ तासांनी पाहा. ६ फूट बाय ५ फूट टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर सुमारे २८ लिटर पाणी गेलं. पातळी उतरत जाऊन एका ठिकाणी थांबली, तर गळती त्या उंचीवर आहे हेही कळतं. ड्रेनेजसाठी वरच्या संडास-बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडा आणि तळघरात तो रंग उतरतो का ते दोन दिवस पाहा. बोअर पुनर्भरणाचा खड्डा भिंतीपासून चार-पाच फुटांवर खोदलेला अनेक बंगल्यांत दिसतो. पुनर्भरण चांगलंच, पण तो खड्डा तळघराला पाणी पाजत असतो. तसा असेल तर तो प्लॉटच्या खालच्या बाजूला, निदान ५-६ मीटर लांब हलवा.

मग हवेतल्या ओलीची शंका दूर करा. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि २४ तास ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे आले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीच्या बाजूला आले तर ते हवेतलं बाष्प आहे. जुलैत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. जमिनीत असलेली भिंत तेवढी गार असतेच. ‘हवा खेळू द्या’ म्हणून पावसाळ्यात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या की ओल वाढते ती याचमुळे. ही ओल कुठल्याही लेपाने जात नाही.

शेवटची चाचणी जमिनीची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. भर पावसाळ्यात पीसीसीला २५ मिलिमीटरचं आरपार भोक पाडा, त्यात पारदर्शक पाइप सीलंटने बसवा आणि पाणी पाइपात किती चढतं ते मोजा. १०० मिलिमीटर पीसीसीचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. म्हणजे स्लॅबच्या तळापासून पाणी २४ सेंटिमीटर चढलं की खालचा दाब आणि वरचं वजन सारखं होतं. त्याहून जास्त चढलं तर ती जमीन उचलली जाऊ शकते. वरून कितीही चांगला लेप दिला, टाइल्स बसवल्या, तरी हे गणित बदलत नाही. पाणी चढतच नसेल तर निम्मी चिंता मिटली.

भिंतींच्या भेगाही याच वेळी वाचून घ्या. उभी केसाएवढी भेग बहुधा काँक्रीट आकसल्याची असते आणि ती भरता येते. तिरपी, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग पाया खचल्याची, काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याची. मधल्या उंचीवर आडवी भेग आणि भिंतीला आत पोट आलेलं असेल तर माती-पाण्याचा रेटा भिंतीला पेलत नाहीये. तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भेग हलते का हे पाहायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर भेग जिवंत आहे.

बाहेरचं काम

गच्चीचे सगळे पाइप बंद नळीने निदान ३ मीटर लांब, प्लॉटच्या उताराकडे न्या. भिंतीलगतची बाग आणि ठिबकच्या नळ्या काढा. फरसबंदीला भिंतीपासून दूर, मीटरला २ ते २.५ सेंटिमीटर उतार द्या. नुसत्या एवढ्यानेच ओल निम्म्यावर आलेली घरं आहेत, म्हणून हे आधी करून एक पाऊस पाहा आणि मगच खोदाईचा निर्णय घ्या.

खोदाई करायची ठरली तर डिसेंबर ते मे हाच काळ. तीन भिंती मिळून ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर लांबी. एका वेळी सलग सगळी भिंत उघडी करू नका. टप्प्याटप्प्याने, दोन-अडीच मीटरचे भाग आलटूनपालटून उघडा. दीड मीटरपेक्षा खोल चराला फळ्या आणि टेकू हवेतच. काळ्या मातीचा कडा कोरडा असताना सरळ उभा राहतो आणि काही कळायच्या आत कोसळतो. खणलेली माती कडेपासून निदान दीड मीटर लांब टाका. पायाच्या तळापेक्षा खाली अजिबात खणू नका.

भिंत उघडी झाली की ती घासून, पाण्याच्या दाबाने धुऊन घ्या. खडी उघडी पडलेली, हनीकोंब झालेली जागा घट्ट काँक्रीट लागेपर्यंत फोडा आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. सेंटरिंगच्या वेळचे आरपार पाइप आणि तारा कापून त्यांची भोकं बंद करा. पुष्कळ गळत्या फक्त तिथूनच असतात. भिंत आणि पायाच्या कोपऱ्यात मसाल्याचा ५० मिलिमीटरचा वाटा (गोलाई) करा. मग १:३ मसाल्याचा गुळगुळीत गिलावा, सात दिवस पाणी, आणि त्यानंतर पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या गिलाव्यावर मेम्ब्रेन चिकटत नाही. आतली वाफ फुगे धरते.

त्यावर प्रायमर आणि ४ मिलिमीटरचं एपीपी मेम्ब्रेन (डांबरी चादर), गॅसच्या ज्योतीने चिकटवून. बाजूचा जोड १० सेंटिमीटर, टोकाचा १५. खाली ते वाट्यावरून वळवून पायावर उतरवायचं, वर जमिनीपासून १५ सेंटिमीटर पुढे नेऊन भिंतीत खाच मारून त्यात दाबायचं. तुमच्या भिंतीला हे सगळं धरून ३३ चौरस मीटर होतात. जोड वाढवले की ३७ च्या आसपास. रोल १० चौरस मीटरचा येतो. चार रोल आणा, फारसं उरणार नाही. मेम्ब्रेनवर थेट माती लोटली की पहिलाच टोकदार दगड ते फाडतो. म्हणून त्यावर ८ मिलिमीटर उंचवटे असलेला एचडीपीई (टणक प्लॅस्टिक) ड्रेन बोर्ड लावा, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड). तो मेम्ब्रेनला जपतो आणि पाण्याला खाली उतरायला जागाही देतो.

आता वाट. पायालगत १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, भोकं खालच्या अंगाला, मीटरला १ सेंटिमीटर उतार. पूर्ण लांबीला १५ सेंटिमीटर उतार मिळतो. तुमच्या प्लॉटला नैसर्गिक उतार असल्याने हा पाइप मोटरशिवाय पुढच्या बाजूला उघडा काढता येईल, आणि तसा निघत असेल तर ही संधी सोडू नका. पाइपाच्या भोवती ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर २० मिलिमीटरची धुतलेली खडी. ती साधारण अर्धा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. खडीसकट पाइप २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइलमध्ये गुंडाळा. हे कापड वगळलं तर काळ्या मातीची साय दोन-तीन पावसाळ्यांत खडी गच्च करून टाकते. पाइपाच्या वरच्या टोकाला साफसफाईसाठी झाकणाचा उभा तुकडा ठेवा.

भर म्हणून काढलेली काळी माती परत टाकू नका. चांगला मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून धुमसून भरा. पाऊण मीटर रुंदीच्या चराला साडेसहा ब्रासच्या आसपास लागेल. वरून मीटरभर रुंद, १०० मिलिमीटर पीसीसीचा पट्टा, बाहेर उतार देऊन. मुरूम नीट धुमसला नसेल तर हा पट्टा वर्षभरात भिंतीकडे खचतो, उतार उलटा होतो आणि सगळं पाणी पुन्हा भिंतीवर येतं. पट्टा आणि भिंत यांच्यातला सांधा सीलंटने भरा. खोदाईने जुनी वाळवीची फवारणी तुटते, ती माती भरतानाच परत करून घ्या.

आतलं काम

शेजारची हद्द जवळ असल्याने एखादी बाजू खोदता येत नसेल, तर आतून काम करावं लागेल. सगळा गिलावा काँक्रीटपर्यंत काढा, अर्धवट नको. पांढरा लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो.

वाहती गळती आधी थांबवायची. भेगेच्या दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून, ४५ अंशांत, भिंतीच्या मध्यावर भेगेला छेदतील अशी १४ मिलिमीटरची भोकं, १५ ते २५ सेंटिमीटर अंतरावर. त्यांत पॅकर (इंजेक्शनची तोटी) बसवून खालून वर पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन. पाणी जोरात असेल तर आधी पाण्याने फुगणारा फोम, मग त्याच पॅकरमधून रेझिन. नुसत्या फोमवर काम संपवणारे बरेच आहेत. फोम पाणी थांबवतो, पण काही महिन्यांत आकसतो. कायमचं बंद करायचं काम रेझिनचं. पॅकर दुसऱ्या दिवशी काढा आणि भोकं न आकसणाऱ्या मसाल्याने भरा.

तुमच्या मागच्या कोपऱ्यातलं पाणी बहुधा भिंत आणि जमिनीच्या सांध्यातून येत असणार. तो सांधा २५ मिलिमीटर रुंद, २५ खोल कापा, साफ करा, पॉलिमर मसाल्याने भरा आणि वर वाटा ओढा.

त्यानंतर आरसीसी भिंतीला क्रिस्टलाइन लेप योग्य. तो काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरून स्फटिक धरतो, त्यामुळे उलट्या दाबाने सुटून पडत नाही. पण त्याला उघडं काँक्रीट लागतं. टाचे मारून भिंत खरबरीत करा, भरपूर भिजवा, वर पाणी चमकत नाही एवढी झाली की लेप द्या. एका हाताला चौरस मीटरमागे ८०० ग्रॅम, असे दोन हात. पहिला ओलसर असतानाच दुसरा. मग तीन दिवस दिवसातून तीन-चार वेळा पाण्याची बारीक फवारणी. हे क्युअरिंग झालं नाही तर स्फटिक वाढत नाहीत आणि भिंतीवर राखाडी भुकटी तेवढी उरते. तीन भिंतींच्या ४० चौरस मीटरला ६४ किलो पावडर लागते, म्हणजे २५ किलोच्या तीन पिशव्या. कामाच्या शेवटी रिकाम्या पिशव्या मोजा. एकीतच काम झालं असेल तर तो लेप नव्हे, चुना लावल्यासारखं आहे.

वीटकाम किंवा काळ्या दगडाच्या भिंतीला क्रिस्टलाइन वापरू नका. पाणी दगडांच्या दर्जांतून (सांध्यांतून) येतं आणि तिथला मसाला जुना, पोकळ असतो. पंचवटीतल्या वाड्यांची किंवा जुन्या लोडबेअरिंग बंगल्यांची तळघरं अशीच आहेत. तिथे पाणी अडवण्यापेक्षा ते भिंतीआड उतरू द्यावं. ८ मिलिमीटर उंचवट्यांचं एचडीपीई शीट उंचवटे भिंतीकडे करून लावा, खिळे सील असलेले वापरा. शीटखाली भिंतीच्या कडेने १० सेंटिमीटरची पन्हळ, आणि पन्हळ संपमध्ये (पाणी जमा करून उपसायच्या खड्ड्यात). तुमच्या भिंतीलाही बाहेरून खोदता येणार नाही त्या बाजूला ही पद्धत लेपाच्या जोडीला वापरावी असं मी सुचवेन. भिंत गळली तरी खोली कोरडी राहते. भिंती आणि जमीन मिळून तुमच्याकडे ७५ चौरस मीटर शीट लागेल. पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्यात उघडणारं झाकण ठेवा. नव्या काँक्रीटमधून सुटणारा चुना पन्हळीत पांढरा थर धरतो, तो दरवर्षी मे महिन्यात धुऊन काढावा लागतो. काम झाकण्याआधी लांबच्या कोपऱ्यात २० लिटर पाणी ओता. ते सगळं संपमध्ये पोचलं पाहिजे.

जमिनीच्या भोकातलं पाणी वर चढत असेल तर तिथेही हेच शीट, वर ५० मिलिमीटर स्क्रीड (मसाल्याचा सपाट थर) आणि टाइल. वर सांगितलेले ८ सेंटिमीटर ते हेच. दाब फार असेल, तर नवा आरसीसी स्लॅब भिंतीला बांधून घ्यावा लागतो, आणि त्याचं डिझाइन इंजिनिअरनेच करायचं.

संप ६० बाय ६० सेंटिमीटर, ७५ खोल, पुढच्या बाजूच्या कोपऱ्यात. अर्ध्या एचपीचा ड्रेनेज पंप, फ्लोट आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. दुसरा पंप थोड्या वरच्या पातळीच्या फ्लोटवर. दोन्ही इन्व्हर्टरवर, कारण पावसाचा जोर आणि वीज जाणं बहुतेक एकाच रात्री येतं. इन्व्हर्टर पंप सुरू होतानाचा झटका पेलतो का, हे आधी चालवून पाहा. पंप मोठा घ्यायचा की छोटा हे अंदाजाने ठरवू नका: भरलेला संप उपसा, तो परत भरायला किती मिनिटं लागतात ते मोजा, आणि पाणी येण्याच्या त्या वेगाच्या निदान तिप्पट क्षमता घ्या. पाणी पावसाळी गटारात सोडा, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नको.

खाली संडास-बाथरूम करण्याचा विचार असेल तर रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण तुमच्या तळघराच्या जमिनीपेक्षा वर आहे का ते आधी मोजा. वर असेल तर पावसाळ्यात लाइन तुंबली की मैलापाणी नहाणी ट्रॅपमधून उलटं वर येणार. तळघरात ‘पाणी शिरलं’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा भिंतीचा काही दोष नसतो, पाणी ट्रॅपमधून आलेलं असतं. बॅकफ्लो व्हॉल्व्ह हा किमान उपाय; माझा सल्ला खाली बाथरूम करूच नका.

फिनिशिंग

जूनपूर्वी सगळं काम संपवा आणि एक पूर्ण पावसाळा भिंती उघड्या ठेवा. परतीचा पाऊसही जाऊ द्या. कंत्राटात निदान २० टक्के रक्कम या पावसाळ्यानंतर द्यायची म्हणून लिहा, आणि गॅरंटीत ‘गळती झाल्यास पुन्हा लेप’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते खोडून ‘कारण शोधून दुरुस्ती’ असं लिहून घ्या. वापरायचं उत्पादन, ते कोणत्या बाजूला लावायचं आणि चौरस मीटरमागे किती किलो, हे तिन्ही कागदावर हवं. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याला काम देऊ नका.

पावसाळ्यानंतर कोरड्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि चुन्याचा किंवा सिमेंट पेंट. जिप्सम, पीओपी, पुट्टी, ऑइल पेंट, वॉलपेपर, एमडीएफ, लॅमिनेटची जमीन हे सगळं वर्ज्य. शीट लावलेल्या भिंतीपुढे जीआय फ्रेमवर सिमेंट बोर्ड. कपाटं भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे आणि पायांवर. वायरिंग उघड्या कॉन्ड्युटमधून, प्लगपॉइंट जमिनीपासून मीटरभर वर, आणि तळघराची लाइन स्वतंत्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच लाइन तोडणाऱ्या स्विचवर).

एक आर्द्रतामापक लावा. पावसाळ्यात आकडा ६० च्या वर गेला की खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवा. ८० घनमीटरपेक्षा कमी असलेल्या या खोलीला दिवसाला २० लिटर पाणी काढणारा पुरतो. त्याची नळी थेट संपमध्ये सोडा, नाहीतर टाकी भरली की तो बंद पडून राहतो. आत माणसं बसणार असतील तेव्हा ताज्या हवेसाठी छोटा पंखा थोडा वेळ चालू ठेवा. नोव्हेंबर ते मे मात्र खिडक्या मनसोक्त उघड्या ठेवा. नाशिकची थंडीतली कोरडी हवा भिंती सुकवायला उत्तम असते. मे अखेरीस संपमध्ये दोन बादल्या पाणी ओतून दोन्ही पंप आपोआप सुरू होतात का ते पाहा, आणि बाहेरच्या पाइपाच्या तोंडावरचं गवत काढा.